आवाज उडवणारा अप्पा

मन्मथअप्पा माणसांना रडवायचा आणि वर त्याचे पैसे घ्यायचा. नांदेडात त्याचा फोटो स्टुडिओ होता, पण लग्नसराईत तो तिथे सापडणं कठीण. आज लोहा, उद्या उदगीर, परवा लातूर, असा त्याचा सगळा संसार जीपमधून चालायचा. मुलीची पाठवणी हा त्याचा हातखंडा प्रयोग. नवरी आईच्या गळ्यात पडली, दोघींनी हंबरडा फोडला, मागे मामा-मावश्या डोळे पुसायला लागल्या, की अप्पा कॅमेरा खाली घेऊन सरळ मध्ये शिरायचा. "आई, थांबा. तुमचा चेहरा पदराआड गेला. पुन्हा एकदा भेटा. या वेळी जरा डावीकडून." आणि नवल म्हणजे त्या माउल्या डोळे पुसून, पदर नीट करून, डावीकडून यायच्या आणि पुन्हा रडायच्या. दुसऱ्या वेळचं रडणं जास्त चांगलं येतं, असं अप्पाचं ठाम मत होतं. पहिल्या वेळी माणसं बेसावध असतात म्हणे.

दिसायला मोठा भारदस्त. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, अंगात कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशात बडीशेपेची पुडी. बोलायचा मात्र पुस्तकासारखं. त्याच्यासमोर कुणी "हाव" म्हटलं की कपाळावरचे पट्टे आक्रसायचे. "होय म्हणावं. हाव काय? कुत्रं चावायला आलंय का?" ज्या गावात लहानथोर सगळे "हाव" म्हणतात, तिथे हा माणूस दिवसभर लोकांचं "होय" करत फिरायचा. लोक ऐकूनही घ्यायचे. लग्नाचे फोटो काढणाऱ्या माणसाशी कोण वाकडं घेणार?

लग्नाच्या व्हिडिओत मेलेली माणसं आणण्यात तर त्याचा हात कुणी धरला नसता. नवरीचा बाप वारलेला असला की अप्पा त्याचा पासपोर्ट फोटो मागून घ्यायचा. मग व्हिडिओत अक्षता पडताना ढगातून तो बाप प्रकट व्हायचा आणि जोडप्याला आशीर्वाद द्यायचा. चेहरा बापाचा, आशीर्वादाचा हात अप्पाचा स्वतःचा, घड्याळासकट. जिल्ह्यातले निम्मे स्वर्गवासी एकच घड्याळ घालतात, असं माझा मित्र फेरोज म्हणायचा. पण बायका टीव्हीला हात लावून पाया पडायच्या, हेही खरं.

या व्हिडिओत आवाज म्हणून कधी नसायचाच. सुरुवातीपासून शेवटपर्यंत गाणी. त्यालाही कारण घडलं होतं. पूर्वी एकदा चाकूरकडच्या लग्नात त्यानं मूळ आवाज तसाच ठेवला होता. जेवणाच्या पंगतीत नवरीच्या काकानं व्याह्यांना, त्यांच्या मानपानाला आणि नवरदेवाच्या नाकाला मनसोक्त शिव्या घातल्या होत्या, त्या सगळ्या टीव्हीवर खणखणीत ऐकू आल्या. व्याह्यांकडे सगळी भावकी व्हिडिओ बघायला जमलेली. मुलगी सहा महिने माहेरी येऊन बसली. तेव्हापासून कॅमेऱ्याचं कार्ड कॉम्प्युटरला लावलं की पहिल्यांदा आवाज उडवायचा, मग बाकीचं काम, अशी अप्पाची रीत पडली. लग्नातला आवाज म्हणजे घाण, ती आधी धुवायची, असं तो म्हणायचा. तो चाकूरचा काका मात्र आम्हाला हुबेहूब करून दाखवायचा. नकला करण्यात अप्पाला तोड नव्हती. एकदा ऐकलेला माणूस तो वर्षानं तसाच्या तसा काढायचा, ठसक्यासकट.

आमची गाठ पडली ती कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये. मी अहमदपूरकडचा, व्यंकट देगलूरचा, दोघांची विष्णुपुरीच्या रस्त्यावर एक खोली होती. फेरोज नांदेडचाच, पण घरी फक्त झोपायला जायचा. अप्पा शूटिंगला आला होता. त्यानं व्यंकटला स्टेजवर पाहिलं आणि कार्यक्रम संपल्यावर थेट त्याची हनुवटी धरली. तोंड उजेडाकडे फिरवलं, पुन्हा अंधाराकडे फिरवलं, बैल घेताना बघतात तसं. "हा चेहरा मला पाहिजे," तो म्हणाला. व्यंकट म्हणाला, "घेऊन जावा की, मला कुठं लागायलाय."

व्यंकट असाच होता. विनोद सांगायच्या आधी स्वतःच इतका हसायचा की विनोद आमच्यापर्यंत कधी पोचलाच नाही. देगलूरच्या पलीकडे तेलंगण सुरू होतं, त्यामुळे त्याच्या बोलण्यात तिकडचे शब्द मिसळलेले. कुणी भेटलं की "काय रे"च्या जागी "एम रा". मित्रांना एम रा, चहावाल्याला एम रा, एकदा आमच्या विभागप्रमुखांनाही एम रा. समोरचा माणूस रागवायच्या आधी हा हसून मोकळा. त्या हसण्यासाठी आम्ही त्याला काहीही माफ केलं असतं.

अप्पाला सिनेमा काढायचा होता. नाव 'मित्र २०९०'. साल दोन हजार नव्वद. मंगळावरच्या वसाहतीत दोन म्हातारे बसले आहेत आणि त्यांना नांदेडातले कॉलेजचे दिवस आठवतात: टपरीवरचा चहा, गोदावरीचा घाट, तिघांत एक मोटारसायकल. तिसरा मित्र तरुणपणीच आकाशातून आलेल्या यानात चढून गेला, तो परतला नाही. दोघे म्हातारे रोज संध्याकाळी उतरणाऱ्या यानांची दारं बघत बसतात, की आता तरी तो उतरेल. गोष्ट चांगली होती. ती अप्पाच्या डोक्यातून निघाली याचा मला आजही राग येतो, पण चांगली होती.

मी आणि फेरोज म्हातारे, व्यंकट जाणारा. मंगळ म्हणजे मुरमाची खदान. परका ग्रह म्हणजे उन्हाळ्यातलं किनवटचं पानं झडलेलं सागाचं रान. यान अप्पानं जुन्या कूलरचे पत्रे ठोकून बनवलं होतं आणि आत कप्तानाच्या जागी नवरदेव-नवरी बसवतात ती सोनेरी सिंहासनाची खुर्ची. भर मे महिन्यात ते पत्रे तव्यासारखे तापायचे. एकदा व्यंकटची पाठ चिकटली. तो ओरडला, "अप्पा, भाजायलंय की बे!" अप्पानं कॅमेऱ्यातून डोळासुद्धा काढला नाही. "हलू नकोस. चेहऱ्यावर फार सुंदर आलंय. आणि 'बे' म्हणायचं नाही." रात्री आम्ही त्याच्या पाठीला बर्नॉल लावलं, तर हा उताणा झोपता येत नाही म्हणून हसत होता.

आमच्या भाषेवरून तर रोज उद्धार. "अंतराळात 'येयलोय, जायलोय' म्हणतात का? २०९० साली तरी माणसासारखं बोला." फेरोज वैतागायचा. "अप्पा, मंगल पे पुना है क्या?" अप्पा त्याला अर्धा तास उन्हात उभा करायचा आणि शॉट घ्यायचाच नाही.

हे कुठून आलं ते त्यानं आम्हाला एकदाच सांगितलं. तरुणपणी तो पुण्यात एका सिनेमावाल्याच्या हाताखाली राहिला होता. पहिल्याच दिवशी त्यानं विचारलं, "साहेब, लाईट कुठं लावायलाव?" आणि सगळं युनिट हसलं. पुढे रोज जेवणाच्या सुट्टीत त्याला मध्ये उभं करून ते वाक्य म्हणायला लावायचे. पाहुणे आले तर पाहुण्यांसमोर. त्यानं ते पावसाळाभर म्हटलं आणि मग परत आला. सांगताना तो हसत होता, त्या लोकांच्या हसण्याचीही नक्कल करत होता. तेव्हा मला त्याची दया आली होती. आता येत नाही. ज्याला आपली बोली लोकांच्या करमणुकीसाठी विकावी लागली, त्यानं दुसऱ्याची तरी जपायला हवी होती.

मूळचा तो मुखेडकडचा, म्हणजे देगलूरच्या शेजारचाच. गावाकडून बापाचा फोन आला की स्टुडिओच्या मागच्या बोळात जाऊन बोलायचा. एकदा आम्ही मुद्दाम मागे गेलो. अप्पा भिंतीकडे तोंड करून म्हणत होता, "हाव बाबा, येयलो की सनाला. जेवलाव का तुमी? माय काय करायलीय?" आवाज इतका मऊ की आम्हाला तो अप्पा वाटेचना. आम्हाला बघून त्यानं फोन बंद केला आणि तो आठवडाभर आमच्याशी नीट बोलला नाही.

यानात चढायचा प्रसंग विष्णुपुरीच्या धरणाच्या काठावर घेतला. व्यंकटनं यानाच्या दारात थांबायचं, मागे वळायचं, लांबवर घर आहे असं समजायचं आणि म्हणायचं, "आई, मी निघतो. माझी वाट पाहू नकोस." व्यंकटला काही केल्या ते जमेना. "निघतो" म्हटलं की हसू फुटायचं. "असं कोन म्हनतंय अप्पा मायला? मार खाईन की मी." अप्पा त्याला नाही नाही ते बोलला, त्याची अक्कल काढली, देगलूर काढलं. सूर्य खाली चालला होता. शेवटी व्यंकट दारात गेला, पत्रा धरला, वळला, आणि वाक्य विसरला म्हणा किंवा कंटाळला म्हणा, सुट्टी संपवून एसटीला निघताना घरी म्हणायचा तसं म्हणून गेला, "ए माय, जाऊन येतो गं."

फेरोज तोंड फिरवून पाण्याकडे बघायला लागला. अप्पा प्रत्येक शॉटनंतर 'कट'ऐवजी "स्तब्ध!" असं ओरडायचा, तो बराच वेळ ओरडला नाही. मग म्हणाला, "चेहरा मिळाला. आता एकदा शुद्धमध्ये." पण तोवर उजेड गेला होता.

दिवाळीला व्यंकट मोटारसायकलवर गावी निघाला. नायगावच्या पुढे दिवेलागणीला उसाची ट्रॉली रस्त्यातच उभी होती. मागे दिवा नाही, लाल कापड नाही. व्यंकट मागून तिच्यावर गेला. दवाखान्यात नेण्यासारखं काही राहिलं नव्हतं. खिशातल्या फोनचाही चुरा झाला होता.

तिसऱ्या दिवशी अप्पाच्या जीपमधून आम्ही देगलूरला गेलो. बाप भिंतीला टेकून बसला होता, त्याच्याकडे बघवत नव्हतं. आई अंगणवाडीत मदतनीस होती, गल्लीतली सगळी लहान पोरं तिच्याभोवती गोळा होऊन गुपचूप बसली होती. अप्पा हात जोडून बसला. मला वाटलं, माणूस हलला. परत येताना जीपमध्ये त्यानं बडीशेप तोंडात टाकली, थोडी चघळली आणि म्हणाला, "आता सिनेमाला धार आली."

फेरोज म्हणाला, "गाडी रोक." ड्रायव्हरनं थांबवली. आम्ही दोघं उतरलो आणि मागून आलेल्या एसटीनं नांदेडला आलो. रस्ताभर फेरोज अप्पाला शिव्या देत होता आणि रडत होता.

आमच्या दृष्टीनं सिनेमा तिथेच संपला होता. पण त्या दिवशी देगलूरला फेरोजनं व्यंकटच्या आईला धीर द्यायचा म्हणून तो धरणावरचा प्रसंग सांगितला होता. तुमचा मुलगा यानात चढताना तुम्हाला हाक मारतो म्हणून. आईनं ते धरून ठेवलं. घरात व्यंकटचे फोटो होते, पण आवाज कशातच नव्हता. तेव्हा आमच्यातला कुणी आवाज साठवून ठेवणारा नव्हता. आईकडे साधा बटनांचा फोन. "फोटू लई हायत बगा," ती मला म्हणाली, "पन हाक कशातच न्हाई. म्या इसरायले की काय, असं वाटायलंय."

ती देगलूरहून एसटीनं नांदेडला यायला लागली. स्टुडिओत लग्नाच्या अल्बमांखाली बाकावर बसायची. रिकाम्या हातानं कशी येणार? धपाटे आणायची, वर शेंगदाण्याची चटणी. अप्पा ते खायचा. हात धुवायचा. मग म्हणायचा, "मिक्सिंग चालू आहे, आई. कच्चं मी कुणाला दाखवत नाही. पुढच्या महिन्यात या." ती पुढच्या महिन्यात यायची. शेजारी पत्रिका घेऊन आलेली मंडळी बसलेली असायची, हळदीला, पाठवणीला कॅमेरा कुठून धरायचा ते ठरवत. ती त्यांना सरकून जागा करून द्यायची.

सिनेमा दाखवला तो पितृपक्षात. त्या पंधरवड्यात लग्नं नसतात आणि मंगल कार्यालयं ओस पडलेली असतात, म्हणून अप्पाला हॉल फुकट मिळाला. पितरांच्या दिवसात कुणी नव्या कामाचा नारळ फोडत नाही, पण अप्पानं फोडला. लग्नपत्रिकेसारखी सोनेरी पत्रिका छापली होती, वर 'कै. व्यंकट यांच्या प्रेमळ स्मरणार्थ'. आई पहिल्या रांगेत, फेरोज आणि मी तिच्या दोन्ही बाजूंना. तिनं नवं लुगडं नेसलं होतं. "लेकराचं हाय," ती म्हणाली, "जुनं कसं नेसू?"

हॉलमधले दिवे मालवले. मंगळावर केसांना पांढरी पावडर लावलेला मी दिसलो. मी तोंड उघडलं आणि आतून अप्पाचा आवाज आला. मग फेरोजनं तोंड उघडलं, त्यातूनही अप्पाच. स्वच्छ, वळणदार, सदाशिव पेठेतल्यासारखा. हॉलमध्ये थोडं हसू झालं. मग टपरीवर व्यंकट आला आणि आम्ही दोघं ताठ झालो. व्यंकट आपल्या सवयीनं मान मागे टाकून हसला. हसण्याच्या जागी व्हायोलिन वाजलं. आई पुढे झुकली. तिला वाटलं असणार की आवाज अजून यायचाय, थोडा मागे राहिलाय.

मग धरण आलं. यान आलं. व्यंकट दारात वळला. त्याचे ओठ हलले, आणि ते काय म्हणतायत हे हॉलमध्ये कुणालाही कळलं असतं. वरून अप्पाचा आवाज म्हणाला, "आई, मी निघतो. माझी वाट पाहू नकोस." ओठ आधीच थांबले होते, आवाज पुढे चालूच राहिला.

आई उभी राहिली. "ह्याला बोलू द्या की!" ती ओरडली. "माज्या लेकराच्या तोंडावर कोन हात ठिवलाय?"

मागून माईकवर अप्पा म्हणाला, "आई, खाली बसा. मागच्यांना दिसत नाही."

फेरोजनं तिला खाली बसवलं. सिनेमा पुढे चालला, संपला, टाळ्यासुद्धा झाल्या. लोक पांगल्यावर ती अप्पापुढे जाऊन उभी राहिली. तेव्हाही तिच्या आवाजात राग नव्हता, नुसती आशा होती, आणि तेच मला बघवत नव्हतं. "अप्पा, ते आदलं आसंल की तुमच्याकडं. त्याचं सवताचं."

"नाही," अप्पा म्हणाला. "आवाज आधीच उडवला होता. कार्ड लावलं की पहिलं काम ते. लग्नात आवाज कोण ठेवतं?"

"हे लगीन व्हतं का?"

"सवय, आई. आणि ती कार्डं पुढच्या लग्नांना गेली, त्यावर आता काही नाही. तसाही तो आवाज मी ठेवला नसता. ते उच्चार सिनेमात चालत नाहीत."

म्हणजे ती एसटीचे धक्के खात येत होती, बाकावर बसत होती, हा धपाटे खात होता, तेव्हा याला सगळं माहीत होतं. फेरोज त्याच्या अंगावर धावला. मी त्याला धरलं, पण मनातून नाही धरलं. आईनं आमच्याकडे पाहिलंही नाही. ती थोडा विचार करून म्हणाली, "उडवायच्या आदी ऐकला व्हता का तुमी?"

"ऐकला ना. कॅमेऱ्यातच लावून, कितीदा तरी. ओठ जुळवायला ऐकावंच लागतं." आणि वर अभिमानानं, "माझ्या कानातलं काही जात नाही."

"बरं झालं," आई म्हणाली, "कुटंतरी हाय म्हना की."

त्यानंतर बरीच वर्षं गेली. मी लातूरला तंत्रनिकेतनात शिकवायला लागलो, फेरोजनं नांदेडात बॅटऱ्यांचं दुकान टाकलं. अप्पाशी आमचा संबंध नव्हता. मग एक दिवस त्याचाच फोन आला. 'मित्र २०९०' पुण्यात कुठल्याशा महोत्सवात घेतला होता. त्यांना मेलेल्या मुलाच्या खऱ्या आईचं दोन मिनिटांचं मनोगत हवं होतं, आणि आई अप्पाचा फोन उचलत नव्हती. मी फोन ठेवून दिला. पण अप्पानं फेरोजलाही गाठलं, फेरोजनं आईला विचारलं, आणि आई म्हणाली, "या म्हनावं. म्या बोलते. पन आदी माजं एक काम."

म्हणून आम्ही तिघं अप्पाच्या जीपमधून देगलूरला गेलो. नायगाव मागे पडलं तेव्हा फेरोज आणि मी खिडकीबाहेर बघत होतो आणि पुढच्या सीटवर अप्पा पुण्यात कोणता शर्ट घालावा याबद्दल बोलत होता.

आई वाळली होती. बाप मधल्या काळात गेला होता. घरात टीव्ही होता, त्याला मागे सिनेमाचा पेनड्राइव्ह लावलेला, तो तिथून कधी निघत नसावा. अप्पानं कॅमेरा मांडला, माईक लावला, दिवा सुरू केला. आईनं रिमोट घेतला आणि सरळ धरणावरचा प्रसंग काढला. "ह्याला गप करते आदी," म्हणून तिनं टीव्हीचा आवाज बंद केला. अप्पाचा आवाज गेला. व्यंकट दारात वळला, त्याचे ओठ हलले, आणि ती स्वतः म्हणाली, "ए माय, जाऊन येतो गं." म्हातारीचा आवाज, पण पोराची ढब. बहुतेक ती हे रोज करत होती.

अप्पा कॅमेऱ्यामागून म्हणाला, "तुम्ही आधी सुरू करता, आई. त्याचे ओठ उघडू द्या."

मला त्याचा गळा धरावासा वाटला. पण आईनं मान हलवली, मागे नेऊन पुन्हा लावलं, पुन्हा म्हटलं. "आता जुळलं," अप्पा म्हणाला.

"असंच म्हनला व्हता का?" तिनं विचारलं.

"नाही. 'माय' तो लांबवत नव्हता, झटकन म्हणायचा. आणि 'येतो'वर आवाज खाली. 'गं' तर जवळजवळ हसण्यातच."

तिनं फेरोजला म्हणायला लावलं. फेरोजनं म्हटलं. अप्पानं मान हलवली. मला म्हणायला लावलं. मी दोन वर्षं त्या आवाजाबरोबर एका खोलीत राहिलो होतो, आणि माझ्या तोंडून माझाच आवाज आला. मला तो आठवत नव्हता. कानात व्यंकट शोधायला गेलो की अप्पा सापडत होता. एवढ्या वर्षांत हे मला पहिल्यांदाच कळलं.

"अप्पा, आता तुमी म्हना," आई म्हणाली. "तुमी मुखेडचेच की. एक डाव म्हना, म्या डोळे झाकून बसते. मंग तुमाला पायजे ते बोलते. रडा म्हनलं तर रडते."

तिनं डोळे मिटले, हात मांडीवर ठेवले. टीव्हीवर व्यंकट मुकाट दारात उभा होता. अप्पा कॅमेऱ्यामागून पुढे आला, तिच्यासमोर गुडघ्यावर बसला, घसा खाकरला. त्याची मान अगदी व्यंकटसारखी किंचित वळली. मी त्या माणसाचा इतकी वर्षं तिरस्कार केला होता, पण त्या क्षणी मनात म्हटलं, म्हण रे बाबा, तुला सगळं माफ.

त्याचं तोंड उघडलं. मग त्याची नजर कॅमेऱ्याच्या रेकॉर्डिंगच्या लाल दिव्यावर गेली. दिवा चालू होता. बोट लावलं असतं तर बंद झाला असता.

"मला तसं बोलता येत नाही, आई," अप्पा म्हणाला. स्वच्छ, वळणदार.

आई तशीच डोळे मिटून बसून राहिली. तिला वाटलं, तो अजून तयारी करतोय. आम्ही कुणी तिला सांगू शकलो नाही. अप्पा उठून कॅमेऱ्यामागे गेला, स्टँडचा स्क्रू फिरवल्याचा आवाज झाला, तेव्हा तिनं डोळे उघडले.

"दोनच वाक्यं, आई," तो म्हणाला. "मुलाविषयी. पुण्याचे लोक वाट बघतायत."

"मला बी बोलता येत न्हाई, अप्पा," ती म्हणाली, आणि उठून चहा ठेवायला आत गेली.

अप्पानं चहा घेतला नाही. सामान उचललं आणि बाहेर पडला. निघताना दारात "येतो" म्हणायचं असतं, ते माझ्या तोंडून फुटेना. फेरोजनं नुसते हात जोडले. आई म्हणाली, "सांबाळून जावा." अप्पा हॉर्न वाजवत होता. त्याला लातूरला संध्याकाळचं लग्न गाठायचं होतं. आम्ही त्याच्या जीपमध्ये बसलो नाही. गल्लीच्या वळणावर जीप आडवी झाली तेव्हा तो ड्रायव्हरला हातवारे करून काहीतरी सांगत होता, आणि ड्रायव्हर खदाखदा हसत होता. तो कुणाची नक्कल करत होता ते आम्हाला तिथून ऐकू आलं नाही.